'मोनार्क ऑफ द ग्लेन': प्लेटवरचा ठसा की नंतरची छपाई?

चित्रशोधक
एकोणिसाव्या शतकातला इंग्रज चित्रकार एडविन लँडसीअरच्या 'मोनार्क ऑफ द ग्लेन' या हरणाच्या चित्राची एक काळी-पांढरी छापील प्रत तपासायची आहे. चित्राभोवती कागद दबून चौकट उमटलीय, खाली बारीक अक्षरं आहेत आणि समासात तपकिरी डाग. चौकट आहे म्हणजे जुनं एनग्रेव्हिंगच (धातूची प्लेट कोरून छापलेलं चित्र), असं धरावं का? आणि मूळ चित्र व्हिक्टोरिया राणीसाठी काढलं होतं ना?

ठसेवाला
चौकटीवर जाऊ नका. फोटोग्रॅव्ह्यूरही (फोटोच्या साहाय्यानं प्लेट तयार करून केलेली छपाई) धातूच्या प्लेटवरूनच छापतात, त्यामुळे तिथेही ती उमटते. उलट अस्सल ठशाच्या कडा कापल्या असतील तर ती गायब होते.

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि थेट हरणाच्या मानेवरच्या केसांवर धरा. ओळीत बसलेले, सारख्या अंतरावरचे ठिपके दिसले की ती हाफटोन, म्हणजे ठिपक्यांनी छटा दाखवणारी छपाई, पुढे बघायलाच नको. सुटी रेषा कुठेच नाही, नुसता बारीक, वेडावाकडा रवा पसरलाय, तर फोटोग्रॅव्ह्यूर.

या चित्राची प्लेट एडविनचा थोरला भाऊ थॉमस लँडसीअर यानं केली, ती १८५२ मध्ये निघाली. केस आणि लोकर रेषांनी उभी करण्यात त्याचा हात होता. ब्युरिननं, म्हणजे कोरायच्या टोकदार हत्यारानं, कोरलेली रेषा टोकाला निमुळती होते. ॲसिडनं खाल्लेली रेषा बोथट संपते. मेझोटिंट (प्लेट खरखरीत करून गडद छटा काढायची पद्धत) असेल तिथे गडद भागात रॉकरच्या, म्हणजे ती खरखर करणाऱ्या हत्याराच्या, दातांच्या आडव्यातिडव्या खुणा सापडतात. दिवा एका बाजूनं तिरपा धरा. खोल रेषांमधली शाई कागदावर किंचित उठलेली दिसते. सपाट छपाईत हे होत नाही.

समास
अक्षरंही वाचा. सहसा डावीकडे चित्रकार, उजवीकडे कोरणारा, आणि शिवाय प्रकाशकाचं नाव व तारीख असते. ही तारीख प्लेट प्रसिद्ध झाल्याची, तुमच्या हातातला कागद छापल्याची नव्हे. पोलादी प्लेट हजारो प्रती सोसते, त्यामुळे उशिराच्या प्रतींवरही तीच तारीख राहते. त्या झिजलेल्या प्लेटच्या असतात. सगळ्यात आधी सावल्या करड्या पडतात.

लँडसीअरच्या इतर प्रतींसाठी एक खूण: त्याला 'सर' किताब १८५० मध्ये मिळाला. नावाआधी 'सर' असेल तर ते लेखन त्यानंतरचं. समासात बिनशाईचा दाबलेला छोटा शिक्काही शोधा. १८४७ मध्ये स्थापन झालेली प्रिंटसेलर्स असोसिएशन ही छापील चित्रं विकणाऱ्यांची संघटना प्रूफ, म्हणजे सुरुवातीच्या निवडक, प्रतींवर तो मारत असे.

ग्लेनवासी
राणीचा संबंध इथे नाही, जरी लँडसीअर तिचा लाडका चित्रकार होता. हे चित्र हाउस ऑफ लॉर्ड्सच्या अल्पोपाहार कक्षासाठी योजलेल्या तीन चित्रांपैकी एक. हाउस ऑफ कॉमन्सनं १५० पौंड मंजूर करायला नकार दिला आणि ते खासगी हातात गेलं. २०१७ मध्ये नॅशनल गॅलरीज ऑफ स्कॉटलंडनं ते ४० लाख पौंडांना घेतलं. गंमत म्हणजे शिंगांना बाराच टोकं आहेत. शिकाऱ्यांच्या हिशेबात तो 'रॉयल'. 'मोनार्क' म्हणवायला सोळा लागतात!

चित्रशोधक
भिंगाखाली निमुळत्या रेषा दिसतात, ठिपके नाहीत. मग डाग पाण्यानं धुवून काढावेत का?

ठसेवाला
अजिबात नको. अशा प्रतींमध्ये चित्र अनेकदा पातळ इंडिया पेपरवर असतं आणि तो जाड कागदावर चिकटवलेला असतो. ओल लागली की दोन्ही कागद कमी-जास्त फुगतात, फुगे येतात, कडा सुटतात. घरगुती ब्लीच तर कागदाचा जीवच काढतं. फ्रेममधली मागची लाकडी फळी किंवा आम्लयुक्त पुठ्ठा तेवढा काढा, आम्लमुक्त बोर्ड घाला आणि काच कागदाला टेकणार नाही इतपत जाड माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) ठेवा. डागांचं काम कागद-संवर्धकाकडे द्या.