मामिडवारातली ‘मामी’ कोण?

बिलोलीची सून

माहेर परभणी, सासर नांदेड जिल्ह्यातलं, तेलंगणाच्या सीमेजवळचं बिलोली, आणि सध्या मुक्काम पुण्यात. मागच्या आठवड्यात एका बँकेत खातं उघडायला गेले. काउंटरवरच्या मुलानं आडनाव विचारलं, मी सांगितलं ‘मामिडवार’. त्यानं टाइप करून स्क्रीन माझ्याकडं वळवली. ‘मामी डवार’. मधे ऐसपैस जागा सोडून. म्हटलं, अहो, हा एकच शब्द आहे. तर म्हणतो, ‘मामी हे तुमचं नाव ना मॅडम?’

हसून घरी आले खरी, पण लग्नाला अकरा वर्षं होऊनही मला या आडनावाचा अर्थ सांगता येत नाही. सासरे म्हणतात, आपले पूर्वज तलवारीचे वार करायचे. शेजारच्या काकूंच्या मते आठवडी बाजाराचा वार. आमच्याकडं चिंतावार, येरावार, कोत्तावार असे सगळे वारच वार. एवढ्या जणांनी तलवारी चालवल्या म्हणावं तर निम्मी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या किराण्यात नाहीतर कापडात. हा ‘वार’ नेमका कोणता?

धर्माबादी

ताई, सासऱ्यांना तलवार म्यान करायला सांगा. हा वार तेलुगू आहे.

आमच्या घरी आजही निम्मं बोलणं तेलुगूत चालतं. सीमेपलीकडचं, तेलंगणातल्या बासरचं सरस्वतीचं देऊळ आम्हाला नांदेडपेक्षा जवळ. तेलुगूत ‘वारु’ म्हणजे ‘ते’, पण आदराचे ते. तिकडं आडनावाला ‘इंटि पेरु’ म्हणतात, सरळ अर्थ ‘घराचं नाव’. त्या नावापुढं ‘वारु’ लावलं की ‘अमक्या घरचे लोक’. लग्नपत्रिकेत त्याचं रूप ‘वारि’ होतं. ‘मामिडि वारि पेळ्ळि’ म्हणजे मामिडींच्या घरचं लग्न. आपण ‘देशमुखांकडचं लग्न’ म्हणतो ना, तसंच. मराठीच्या तोंडी शेवटचा उकार गळाला आणि ‘वार’ उरला.

आता पुढचा भाग. मामिडि म्हणजे आंबा. चिंत म्हणजे चिंच. येर्र म्हणजे तांबडा, कोत्त म्हणजे नवा, नल्ल म्हणजे काळा. तुमच्या गल्लीतली आडनावं यावर लावून बघा, बरीचशी आपोआप उलगडतील. सगळी नाही उलगडणार. काहींत घराण्याचं मूळ गाव असतं, काहींत धंदा, आणि काही शब्द मराठी तोंडात इतके झिजलेत की तेलुगू माणसालाही ओळखू येत नाहीत.

तुमच्या आडनावात मामी नाही, आंबा आहे.

कंधारकडचा

भारी माहिती. पण मग ‘वाड’ कामून? आमच्याकडं बोईनवाड, कोटलवाड अशी ढीगभर आडनावं. हा वाडा का वाडी?

धर्माबादी

दोन्ही नाही, असं मला वाटतं. तेलुगूत ‘वाडु’ म्हणजे ‘तो’. बिनआदराचा, एकेरी. मराठीत ‘पाटील आला’ आणि ‘पाटील आले’ यात जो फरक, तोच वाडु आणि वारु यात. कागदावर नाव चढताना कुणाला ‘ते’ म्हणायचं अन् कुणाला ‘तो’, हे लिहिणाऱ्यानं ठरवलं असणार. वार आणि वाड ही दोन्ही रूपं त्यातूनच आलीत, असा माझा कयास. कटू आहे, पण मला तरी दुसरी वाट दिसत नाही.

कंधारकडचा

दादा, हे काही पटलं नाही. आमच्या गल्लीत वाड आडनावाचा सावकार होता आणि वार आडनावाचा माणूस त्याच्याकडं सालगडी. व्याकरण बरोबर असंल, पण आज आडनावावरून माणसाची पत काढायला जाल तर फसाल.

धर्माबादी

आजची पत मी काढतच नाहीये. नाव पडलं त्या दिवसाचं बोलतोय.

निवृत्त गुरुजी, सेलू

कागदाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. 1948 पर्यंत आपण मराठवाडेकर हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होतो आणि सरकारी दफ्तर उर्दूत. उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. मामिडवार लिहायचं तर मीम, अलिफ, मीम, डाल, वाव, अलिफ, रे. यात ‘मि’ची वेलांटी कुठं आली? वाचणाऱ्याला ठाऊक असेल तर तो मामिडवार वाचणार, नसेल तर मामडवार नाहीतर मामुडवार. पुढं तेच कागद मराठीत उतरवले गेले तेव्हा ज्यानं जसं वाचलं तसं नाव पक्कं झालं. एकाच आजोबांच्या दोन नातवांची आडनावं वेगवेगळी लिहिलेली मी शाळेच्या दाखल्यांत पाहिलीत. भाऊबंदकी नव्हती हो, नुसती वेलांटी.

1956 ला हैदराबाद राज्य फुटलं. नांदेड मुंबई राज्यात आलं, निजामाबाद आणि आदिलाबाद आंध्रात गेलं. सोयरिकी मात्र जिथल्या तिथं राहिल्या, म्हणून तर हे वार टिकले.

माझी नोकरी देगलूर भागात झाली. हजेरी घेताना पहिल्या वर्षी गोंधळ व्हायचा. आमच्या परभणीकडं वर्गात नागोराव, वैजनाथ, ज्ञानोबा असायचे. एकीकडं औंढ्याचा नागनाथ, दुसरीकडं परळीचा वैजनाथ, त्यामुळं नावं त्यांचीच. तिकडं पाहतो तर एका वर्गात चार व्यंकटी, तीन बालाजी आणि एक चक्क तिरुपती. गावाचं नाव माणसाला! ‘तिरुपती गैरहजर’ असं लिहिताना मला दर वेळी थोडं चुकल्यासारखं व्हायचं.

आणि त्या भागात ‘कर’वाले कमी, हेही तेव्हाच लक्षात आलं. ‘कर’ गाव सांगतो, ‘वार’ घर सांगतो. गावात राहून कुणी गावाचं नाव लावत नाही, बाहेर पडल्यावरच त्याचा उपयोग. निलंग्याचे शिवाजीराव पाटील 1985 मध्ये मुख्यमंत्री झाले. मुंबईत नुसत्या पाटील नावाला कितीजण ओ देतील? निलंगेकर म्हटलं की काम भागलं. चाकूरच्या शिवराज पाटलांचंही तेच.

जाता जाता एक गंमत. निलंगा, निलंगेकर. औसा, औसेकर. मग कुरुंद्याचे ते कुरुंदेकर व्हायला हवेत, पण विचारवंत नरहर कुरुंदकरांच्या आडनावात तो एकार नाही. नियम शिकवून झाला की मी फळ्यावर हे नाव लिहायचो. पोरं खुश, गुरुजी गप्प.

हिंगोलीचा

इथं देशमुखांचा विषय राहिला. आमच्याकडं देशमुख मराठ्यांत आहेत, ब्राह्मणांत आहेत, मुसलमानांतही आहेत. परगण्याची देशमुखी, म्हणजे महसूल वसुलीचं वतन, ज्या घराकडं, ते घर देशमुख. लग्न जुळवणाऱ्या मंडळींनी एवढं ध्यानात ठेवलं तर निम्मे फोन वाचतील.

बिलोलीची सून

सगळ्यांचे आभार. गुरुजींचं वाचून सासूबाईंनी माळ्यावरून त्यांच्या सासूचा तांब्याचा हंडा काढायला लावला. चिंचेनं घासल्यावर काठाखाली ठोकलेलं नाव दिसलं, ‘मामडवार’. वेलांटी नाहीच! कासारानं विसरली का कागदावरूनच तशी आली, कोण सांगणार.

आंब्याचं ऐकून सासरे जरा नाराज झाले. ‘आंबेवाले म्हनं आपण, अन् शेतात एक झाड बी नाही,’ म्हणाले. तलवार सोडायला अजून तयार नाहीत.

आणि काल पासबुक आलं. ‘मामी डवार’च छापलंय.

हिंगोलीचा

ताई, बदलून घेऊ नका. आमच्याकडं पिकातलं तण काढायच्या अवजाराला डवरा म्हणतात. मामीचा डवरा! आंब्याचं झाड नसलं तरी शेती आहे हे तरी सिद्ध होतं.