गंगापूर धरणातील बोट : जस्ताची प्लेट शाबूत, पण प्रोपेलर गुलाबी पडत आहे. बाँडिंगबाबत मदत हवी आहे

नमस्कार. नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या फुगवट्यात आमच्या मत्स्य सहकारी संस्थेची एक २३ फुटी फायबरची बोट असून तिची देखभाल माझ्याकडे आहे. ती ३ वर्षांपूर्वी अलिबागकडून जुनी विकत घेतली. इंजीन डिझेलचे आहे, शाफ्ट स्टेनलेस स्टीलचा, प्रोपेलर मँगनीज ब्राँझचा आणि तळातून पाणी घेणारे दोन व्हॉल्व्ह ब्राँझचे आहेत. इंजीन, व्हॉल्व्ह आणि डिझेलची टाकी हिरव्या तांब्याच्या वायरने एकमेकांना जोडलेली असून ती वायर तळाबाहेर बसवलेल्या जस्ताच्या प्लेटला येऊन मिळते. प्लेट झिजावी आणि बाकीचे धातू वाचावेत, हा या बाँडिंगचा हेतू.

समुद्रात ही प्लेट दरवर्षी निम्मी झिजत असे, असे आधीच्या मालकांनी सांगितले होते. येथे ती दोन पावसाळे उलटूनही जवळजवळ आहे तशीच राहिली, तेव्हा मला समाधानच वाटले. मे महिन्यात पाणी उतरल्यावर बोट बाहेर काढली, तेव्हा प्लेटवर पांढरट, खरबरीत कवच चढलेले दिसले. ते नखाने निघेना, कानशीने घासावे लागले. प्रोपेलरच्या एका पात्याच्या कडेला मात्र पिवळ्या धातूत बोटभर लांबीचा गुलाबी पट्टा उमटला होता आणि त्यावर हातोडीने हलकेच ठोकले असता इतर पाती खणखणत असताना हे पाते बद्द वाजत होते. मँगनीज ब्राँझ हे नाव असले तरी हा धातू पितळेच्या जातीचा असून त्यात सुमारे ४० टक्के जस्त असते. ते जस्त निघून गेले की तांब्याचा पोकळ, ठिसूळ सांगाडा मागे राहतो, इतके मला ठाऊक आहे.

आमच्या भागातील द्राक्षबागाईतदार बोर्डो मिश्रणात (मोरचूद आणि चुन्याच्या फवारणीच्या द्रावणात) लोखंडी विळा बुडवून पाहतात आणि पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला असे समजतात. एक धातू विरघळून दुसऱ्याला जागा देतो, हे त्यामुळे आम्हाला लहानपणापासून माहीत आहे; बोटीत बिघाड नेमका कोठे आहे, हे मात्र मला उमगत नाही.

मल्टिमीटरने प्लेटपासून इंजिनापर्यंत आणि दोन्ही व्हॉल्व्हपर्यंतचा रोध तपासला, तो ०.५ ओहमच्या आत आला. प्लेटपासून प्रोपेलरपर्यंत मात्र ३८ ओहम आला आणि शाफ्ट हाताने फिरवला की आकडा खालीवर होतो. शाफ्ट इंजिनामार्फत जोडलेला आहे, असे मी आजवर धरून चाललो होतो. शिवाय बॅटरी चार्ज करण्यासाठी काठावरच्या खोलीतून तीन पिनांची वायर घेतो. एका वायरमनने तिची अर्थिंगची तार कापून टाकण्यास सांगितले आहे, पण मनाला ते पटत नाही. चूक जस्ताची, बाँडिंगची की चार्जरची, हे कसे ओळखावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

प्रथम अर्थिंगविषयी. ती तार कापू नका. चार्जरमध्ये कधी गळती झाली, तर बोटीवरचा आणि पाण्यात उतरलेला माणूस जिवाला मुकेल. काठावरच्या लोखंडाशी बोटीचा संबंध तोडायचा असेल तर त्या तारेत गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवतात. तो कमी दाबाचा डीसी प्रवाह अडवतो आणि दोषाचा प्रवाह जाऊ देतो. चार्जिंग झाल्यावर वायर काढून ठेवली तरी बराच फरक पडेल.

आपल्या ३८ ओहमवरून मला कपलिंगचा संशय येतो. इंजीन आणि शाफ्ट यांच्यामधील कपलिंगमध्ये धक्का शोषणारे रबर आहे का, ते पाहा. असल्यास शाफ्ट इंजिनापासून विजेच्या दृष्टीने तुटलेला आहे. कपलिंगच्या दोन्ही बाजूंच्या बोल्टना लवचीक तांब्याची पट्टी जोडा.

जस्ताचे म्हणाल तर गोड्या पाण्यात त्यावर असेच कवच बसते आणि ते काम करणे थांबवते. तेथे मॅग्नेशियमचा ॲनोड (स्वतः झिजून बाकीचे धातू वाचवणारा तुकडा, आपली जस्ताची प्लेट तोच) लागतो, किंवा मग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. बोट पुन्हा समुद्रात न्यायची असेल तर मॅग्नेशियम आधी काढा, खाऱ्या पाण्यात ते फार भराभर संपते. गोडे पाणी वीज कमी वाहते, त्यामुळे ॲनोड प्रोपेलरच्या जवळ, शक्यतो शाफ्टवरच बसवा आणि त्याला रंग देऊ नका.

आणखी एक. सर्व स्विच बंद करून बॅटरीची धन तार काढा आणि मध्ये ॲमीटर लावा. तळात पाणी असताना आकडा दिसला, तर कोठून तरी वीज पाण्यात जात आहे, आणि अशी गळती साध्या गॅल्व्हॅनिक क्षरणापेक्षा (पाण्यातील दोन जोडलेल्या धातूंपैकी एक झिजण्यापेक्षा) कितीतरी वेगाने धातू खाते.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. कपलिंगमध्ये रबरच निघाले. पट्टी लावल्यावर, मीटरच्या तारांचा स्वतःचा रोध वजा करता, प्रोपेलरचा आकडा ०.१ ओहमवर आला. ॲमीटरने ६० मिलिअँपिअर दाखवले. तळातील पाणी उपसणाऱ्या पंपाच्या फ्लोट स्विचचा जोड पाण्यात बुडत होता. टेप सोडली तर आतली तार काळी पडून हाताने तुटली. तो जोड आता वर उचलून नव्याने केला असून आकडा शून्यावर आला आहे. मॅग्नेशियम बसवल्यावर प्रोपेलरला खरोखर संरक्षण मिळते आहे, हे मोजता येते का?

प्रतिसाद २

येते. समुद्रात सिल्व्हर क्लोराइडचा इलेक्ट्रोड वापरतात, गोड्या पाण्यात तांबे आणि मोरचुदाचा चालतो. प्लास्टिकच्या नळीचे एक टोक सच्छिद्र लाकडाच्या बुचाने बंद करा, तळाशी खडे न विरघळता उरतील इतके मोरचूद पाण्यात घाला आणि त्यात शुद्ध तांब्याची सळई सोडा. मीटरची धन तार बाँडिंगला, ऋण तार सळईला जोडून नळी प्रोपेलरजवळ पाण्यात धरा. आधी ॲनोड न जोडता आकडा लिहून घ्या. ॲनोड जोडून काही वेळ गेल्यावर तो किमान २०० मिलिव्होल्टने अधिक ऋण झाला पाहिजे. बद्द वाजणारे पाते मात्र पुन्हा भरून येणार नाही, तो प्रोपेलर बदला. नळीतील मोरचुदाचे पाणी धरणात सांडू देऊ नका, ते माशांना विषारी असते.