घरच्या कामातला आनंद: तुमच्याकडचे अनुभव लिहा

तापीकाठची
काल जळगावात एका दुकानाबाहेर बिबड्यांची, म्हणजे आपल्या ज्वारीच्या पापडांची, पाकिटं टांगलेली दिसली आणि आईचं अंगण आठवलं. बिबड्यांच्या दिवशी पहाटेच सगळं घर जागं. ज्वारीचा घाटा रटरटतोय, तीळ-लसणाचा वास सुटलाय, आत्या ओल्या धोतरावर भराभर थापतेय. वाटीत गरम घाटा, वर कच्चं तेल, आम्ही पोरं टपलेलोच. चूल पेटवण्याआधी आई एवढंच म्हणायची, "प्रभू, आजचे हात तुझे."

बायबलमधलं कलस्सै 3:23 आपल्या सगळ्यांना पाठ आहे, जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. पण हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल हे दासांना सांगतोय, म्हणजे दुसऱ्याच्या घरात राबणाऱ्यांना. आणि लगेच पुढे म्हणतो की प्रतिफळ म्हणून वतन, म्हणजे वारसा, मिळेल. ज्याला त्या घरात कसलाच वाटा नव्हता त्याला वतन! हे वाचलं की भांडी घासतानाही माझं मन भरून येतं. तुमच्याकडचं सांगा ना.

भुसावळ_लोको
आमच्या बिबड्या क्वार्टरच्या गच्चीवर. कावळे हाकलायची ड्यूटी माझी 😄
मिसेस नर्स आहे. तिची नाईट असली की बाळाचे लंगोट मी धुतो. शेजारी हसायचे. आमच्या पाळकांनी सांगितलं, धर्मसुधारक मार्टिन लूथरने 1522 मध्येच लिहून ठेवलंय: बाप विश्वासाने लंगोट धुतो तेव्हा लोक हसोत, देव आणि देवदूत आनंदाने हसतात. तेव्हापासून नळावर मोठ्याने भजन म्हणत पिळतो.

केळीबाग_रावेर
ताई, दुकान कुठलं? बिबड्या ज्वारीच्याच ना, मैदा तर नाही?

लाल_मिरची
नंदुरबारकर हजर. आई मिरचीच्या पथारीवर, म्हणजे मिरच्या वाळत घालतात तिथे, देठ खुडायला जायची. संध्याकाळी हातांची अशी आग व्हायची की घरी आल्यावर आधी खोबरेल तेल, मग पीठ मळणं. कधीकधी बाबा म्हणायचे, "आज भाकरी मी थापतो, तू बस." बाबांची भाकरी कडेला जाड, मधे कच्ची. तीच आम्ही भांडून खायचो. जेवणाआधी उपकारस्तुती करायला आई दोन्ही तळहात वर करायची, लालबुंद. ते हात आठवले की मला प्रार्थनेला शब्द लागत नाहीत.

तापीकाठची
@केळीबाग_रावेर भाऊ, स्टँडच्या बाजूला, नाव नाही बघितलं. ज्वारीच्याच होत्या.
@लाल_मिरची 🙏 रडवलंस गं.

नवापूरची_सून
कुकर लावून लिहितेय. बायकांच्या सभेत दरवेळी मार्थाला बोल लावतात, की बहीण मरीया प्रभूचं ऐकत बसली आणि ही कामावरून कुरकुरत राहिली. मला नाही पटत. लूक 10 मध्ये प्रभू तिला म्हणतो की तू फार गोष्टींची दगदग करतेस. काम सोड असं कुठे म्हणतो? योहान 12 उघडा. त्याच बेथानीत पुन्हा जेवण आहे, मार्था वाढतेच आहे, आणि या वेळी कुरकुर नाही. मला ही मार्था हवी. आमच्याकडे नाताळाला सगळी भावकी जमते, मोठमोठ्या पातेल्यांत भात, तुरीची डाळ, मटण. आम्ही जावा-जावा पहाटेपर्यंत चुलीपाशी, आणि वर्षभराचं बोलणं तिथेच होतं. शिट्टी झाली, येते.

धुळ्याची_काकू
@नवापूरची_सून शंभर टक्के. पुनरुत्थान झालेला प्रभूसुद्धा योहान 21 मध्ये निखाऱ्यांवर मासे आणि भाकर तयार ठेवून शिष्यांना म्हणतो, या, न्याहारी करा. राजांचा राजा चुलीपाशी!

वाघूर
मला सध्या आनंद-बिनंद काही होत नाही, खरं सांगते. सासूबाई लकव्याने अंथरुणाला खिळल्यात. कूस बदलायची, पुसायचं, भरवायचं, परत कपडे. नणंदा फोनवर सल्ले देतात. फक्त काल केस विंचरत होते तर त्यांनी चांगला हात उचलून माझ्या गालाला लावला. बोलता येत नाही त्यांना.

धुळ्याची_काकू
पोरी, तू एकटी किती करशील? दोन-दोन तासांनी कूस बदलतेस ना? नाहीतर पाठीला जखमा होतात. गादीवर सुरकुती राहू देऊ नको. आणि रविवारी उपासनेला जा, तेवढा वेळ नणंदेला बसव. हक्काने सांग.

भुसावळ_लोको
वाघूर ताई, हवेची गादी घेतली का? आमच्या मावशीला होती, खूप फरक पडला. तिची आता पडूनच आहे, पंपासकट. जळगाव असेल तर पॅसेंजरने आणून देतो.

वाघूर
जळगावच. चालेल भाऊ. मेसेज करते. त्या उठल्या वाटतं, बघते.

केळीबाग_रावेर
स्टँडच्या कुठल्या बाजूला ताई?