छत्रपती संभाजीनगरजवळच्या ऑरिक उद्योगनगरीत कारखाने येतायत. माणसं राहणार कुठे, पिणार काय?

एन-सातची रहिवासी: टोयोटा किर्लोस्करने २०२४ साली ऑरिकसाठी २० हजार कोटींचा सामंजस्य करार केला. ऑरिकच्याच बिडकीन भागात ई-स्कूटरवाली एथर येणार म्हणून जाहीर झालं. आनंद झालाच. पण आपल्या छत्रपती संभाजीनगरची लोकसंख्या आज किती, हे कुणी खात्रीने सांगेल का? १९९१ साली शहर पावणेसहा लाखांचं होतं, २०११ साली ११ लाख ७५ हजारांचं. वीस वर्षांत दुपटीहून जास्त. त्यानंतर मोजलंच नाही, २०२१ची जनगणना झाली नाही. जायकवाडीचं पाणी पन्नासेक किलोमीटरवरून उपसून आणायचं, ते कुठल्या आकड्यावर? आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. आधी नुसती हवा फुसफुसते. तो आवाज आला की रात्री दोनला उठून मोटर लावायची, ड्रम, हंडे, कळश्या, पातेली, सगळं भरायचं. आधी पाणी द्या, मग नवे कारखाने आणा, असं माझं स्पष्ट मत आहे.

वाळूजवाला: ताई, हे पटलं नाही. मी १९९६ साली गेवराईहून आलो. गावाकडे पाणी नव्हतं आणि कामही नव्हतं. इथे निदान काम मिळालं. बजाजचा कारखाना १९८५ साली शहराबाहेर वाळूजला आला, मागोमाग सुटे भाग पुरवणारे वेंडर आले, आणि बीड-जालना-परभणीच्या कोरडवाहू घरांतली पोरं पगारावर जगायला लागली. मी हेल्पर म्हणून लागलो, सहा वर्षांनी पर्मनंट झालो. दोन्ही मुली इंजिनीअर आहेत. पाणी येईपर्यंत कारखाने थांबवायचे म्हणजे मराठवाड्याच्या पोरांना पुण्याच्या बसमध्ये बसवायचं.

शेंद्रा फर्स्ट शिफ्ट: काका, तुम्हाला पर्मनंट करणारा काळ गेला. माझा भाऊ सात वर्षं कंत्राटी आहे. दर अकरा महिन्यांनी ब्रेक, मग नवा ठेकेदार, नवं गेटपास. कर्ज द्यायला बँक तयार नाही, घर कुठून घेणार? वाळूजजवळच्या रांजणगावात एका खोलीत सहा जण राहतात. दिवसपाळीवाला उठून गेला की रात्रपाळीवाला त्याच गादीवर झोपतो. कोटींचे आकडे सांगताना पर्मनंट किती घेणार, तेही छापा.

शहागंजचा दुकानदार: तुम्ही सगळे एमआयडीसीवरच बोलताय. माझं गिऱ्हाईक घाटीच्या सरकारी दवाखान्यात पेशंट घेऊन आलेलं असतं, हायकोर्टाच्या खंडपीठात तारखेला आलेलं असतं. १९५८ पासून विद्यापीठ आहे, त्याच्या आधीपासून बाबासाहेबांचं मिलिंद महाविद्यालय आहे. सगळा मराठवाडा इथे शिकायला, औषधपाण्याला, न्याय मागायला येतो. २०११च्या मोजणीत निम्मे हिंदू, तीस टक्क्यांच्या वर मुसलमान, पंधराच्या आसपास बौद्ध. असं मिश्र शहर बाजारपेठेवर आणि नोकरीपेशावर उभं आहे, नुसत्या चिमणीवर नाही. कारखाना बंद पडला की काय होतं, ते चितेगावला व्हिडिओकॉनच्या वेळी पाहिलंय.

वाळूजवाला: दुकानदारभाऊ, तुमच्या गल्ल्यात येणारा पैसाही शेवटी आमच्या पगाराचा असतो. आणि ताई, कारखाने पाणी पितात हा राग मला माहीत आहे. २०१६च्या दुष्काळात खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करायला लावली, तेव्हा आम्हीही बरोबरच म्हणालो. पण कपात वेगळी आणि दार बंद करणं वेगळं.

एन-सातची रहिवासी: दादा, दार बंद करा असं नाही म्हणत मी. क्रम चुकतोय, एवढंच. १,६८० कोटींच्या पाणी योजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं. त्यानंतर करारांमागून करार जाहीर झाले, पण किती माणसं वाढणार आणि त्यांना पाणी किती लागणार, हे कुणी मांडलं नाही. एक विचारते, तुम्ही राहता ते बजाजनगर महापालिकेत येतं का?

वाळूजवाला: नाही येत. ग्रामपंचायतीत येतं.

एन-सातची रहिवासी: मग त्या ११ लाख ७५ हजारांत तुम्ही नाहीच. रांजणगावच्या खोलीतले सहा जणही नाहीत.

वाळूजवाला: हे मात्र खरं आहे. तीस वर्षं इथे काढली, कधी डोक्यातच आलं नाही. कारखान्यांबद्दल माझं मत तेच आहे. पण मोजणी वाळूज-शेंद्रा धरून व्हायला हवी, तिथे मी तुमच्याबरोबर सही करीन.

शेंद्रा फर्स्ट शिफ्ट: मोजणारा संध्याकाळी पाठवा. दिवसा खोलीत झोपलेले तिघेच सापडतील.