कास्तकाराच्या घरात खर्चाची वही टिकते कशी?

प्रश्न – कास्तकार, दारव्हा तालुका
नमस्कार मंडळी. आमची सहा एकर कोरडवाहू शेती असून कपाशी आणि तूर ही मुख्य पिके आहेत. वर्षभरात मी तीनदा खर्चाची वही सुरू केली आणि तिन्ही वेळा ती दहा-बारा दिवसांत बंद पडली. मोबाईलमधले अॅप महिन्याचे उत्पन्न विचारते, पण आमच्याकडे पैसा येतो तो कापूस विकल्यावरच, आणि तोवर बियाणे, खत, किराणा सारे उधारीवर चालते. दिवाळीनंतर दुकानाची बाकी माझ्या अंदाजापेक्षा बरीच मोठी निघाली, आणि पडताळून पाहायला माझ्याजवळ काहीच लिहिलेले नव्हते. टिकेल अशी पद्धत कोणी सांगावी.

उत्तर – बचत गटाची लेखनिक, आर्वी तालुका
दादा, तुम्ही फक्त रोख दिलेले पैसे लिहीत असाल, तर उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत वहीत लिहायला फारसे काही उरतच नाही. माल उचलला त्याच दिवशी खर्च झाला असे धरा. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीवर २६६ रुपये ५० पैसे हा दर छापलेला असतो. उधारीने गोणी आणली की तारीख, नग, छापील दर आणि दुकानदाराने सांगितलेला दर असे चारही आकडे एका ओळीत लिहावेत, म्हणजे उधारी किती महाग पडते ते त्याच दिवशी दिसते. पक्के बिल मागून घ्यावे. शेतीचे पान आणि घरचे पान मात्र वेगळे ठेवा.

उत्तर – शिक्षक, मूर्तिजापूर
वेचाईच्या दिवसांत संध्याकाळी काट्यावर कापूस मोजून प्रत्येकीच्या नावापुढे किलो टिपलेच जातात. पेन हातात असतानाच घरखर्चाच्या दोन ओळी लिहून टाकाव्यात. इतर दिवसांत, दुधाचा हिशेब मांडतो तसा, कॅलेंडरचा चौकोन पुरतो. मी असे लिहू लागलो तेव्हा वीस रुपयांना एक असे तीन खर्रे (तंबाखू-सुपारीच्या पुड्या) रोज दिसू लागले, म्हणजे महिन्याचे अठराशे रुपये. आता एकावर आलो आहे.

कास्तकार, दारव्हा तालुका
ताई, सर, मनापासून आभार. लग्नसराईतला आहेर कोणत्या पानावर घ्यावा?

लेखनिक, आर्वी तालुका
त्याला तिसरे पान ठेवा आणि नावानिशी लिहा, कारण तो उलटून द्यावा-घ्यावा लागतो.