एकट्या काकू आणि 'मुलासारखा' सोबती: काय बघावं?

कर्वेनगरकर
प्रभात रोडवरच्या एका सोसायटीचं रिडेव्हलपमेंट ठरलं आणि तिथल्या काकूंचा जुना विषय पुन्हा निघाला. यजमान गेलेले, मुलगा परदेशात, ठेवी भरपूर. तिशीतला एक मुलगा आधी औषधं आणून द्यायचा, मग नाटकाला न्यायचा, शेवटी चेकबुकही त्याच्याच पिशवीत. जाणकारांनी लिहा.

माजी_बँकवाली
खात्यात दुसरं नाव घालताना 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असेल तर तो आजच सगळे पैसे काढू शकतो. 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' असेल तर काकू आहेत तोवर व्यवहार फक्त त्यांचा. फॉर्मवर एका खुणेचा फरक! घरखर्चाचं खातं वेगळं काढा, दरमहा ठरावीक रक्कम त्यात वळती करा, कार्ड द्यायचंच तर त्या खात्याचं. एसएमएस कुठल्या नंबरवर जातात तेही बघा.
नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे त्यांना नीट समजावून सांगा.

शमा
पोळ्या करता करता लिहितेय. तो राहायला आलाय का? असेल तर लिव्ह अँड लायसन्स कराच. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात लेखी करार आणि नोंदणी सक्तीची आहे. नाहीतर आधारवर तोच पत्ता येतो आणि पुढे म्हणतो, मी घरातलाच.

दस्तवाला
सगळ्यात जपायचं ते बक्षीसपत्र. दोन साक्षीदार, नोंदणी झाली की घर गेलं. मन बदललं म्हणून परत मिळत नाही. द्यायचंच असेल तर 'सांभाळ करीन' ही अट दस्तातच लिहून घ्या. मग २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली, सांभाळ झाला नाही तर प्रांतांकडच्या न्यायाधिकरणात दस्त रद्द करून मागता येतो. अट लिहिलेली नसेल तर फार झगडावं लागतं.
मुलाला, नातवाला राहतं घर बक्षीस दिलं तर मुद्रांक २०० रुपये, परक्याला मात्र विक्रीसारखा पूर्ण. त्यामुळे परका माणूस मृत्युपत्राचा आग्रह धरू शकतो. ते कधीही बदलता येतं, म्हणून काकूंसाठी बरंच. दोन साक्षीदार त्याच्या ओळखीचे नकोत, त्याच दिवसाचा डॉक्टरांचा दाखला जोडा.
आधीच काही नोंदलं गेलंय का ते नोंदणी विभागाच्या साइटवर इंडेक्स-२ (नोंदलेल्या दस्ताचा सारांश) मध्ये शोधा.

पेठेतली_मावशी
अहो, पण तो रोज बसून बोलतो त्यांच्याशी. ते कोण करतं हल्ली? जीव तुटतो अशा बायकांसाठी.

माजी_बँकवाली
मावशी, तोडा असं कुणीच म्हणत नाहीये. सोबत हे कामच आहे, मग पगार ठरवा, लेखी, आणि बँकेतूनच द्या. भेटवस्तू, उसने पैसे बंद. खरी माया असेल तर तो पगारावरही टिकेल.

शमा
+१

दस्तवाला
रिडेव्हलपमेंटचं राहिलंच. बिल्डरकडून येणारे भाड्याचे चेक आणि कॉर्पस (सभासदाला मिळणारी एकरकमी रक्कम) काकूंच्या एकटीच्या खात्यात जमा व्हावेत, असं पत्र कमिटीला द्या. नव्या जागेच्या करारात दुसरं नाव सहज घुसतं. मसुदा आठवडाभर आधी मागवून काकूंच्या परदेशातल्या मुलाला पाठवा.

कर्वेनगरकर
मसुद्याचं आजच कळवतो. दमदाटी झाली तर?

शमा
१४५६७, ज्येष्ठांची हेल्पलाइन. पैसे ऑनलाइन गेले तर लगेच १९३०.

पेठेतली_मावशी
हयातीच्या दाखल्यासाठी म्हणून फोन कुणाच्या हातात देऊ नये ना? आमच्या शेजारच्या आजी ८२ च्या, केंद्राची पेन्शन.

माजी_बँकवाली
चेहरा दाखवून फोनवरच होतो, पण ओटीपी त्यांनी स्वतः टाकावा. ८० च्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, नोव्हेंबरची गर्दी टळेल.