घरीच शिकवलं तर नेमका फायदा काय? (बेळगाव-खानापूर भाग)

खानापूरची_आई: मुलगी 6 वर्षांची, घरात मराठी. शाळेत न घालता घरी शिकवायचा विचार आहे. "मूल मोकळं वाढतं" छापाचे फायदे ऐकून झालेत. दिवसाला किती वेळ लागतो, कन्नडचं काय करायचं, पुढं दहावीला आणि सीईटीला (व्यावसायिक कॉलेजांच्या प्रवेश परीक्षेला) अडतं काय, हे जाणकारांनी सांगावं.

पाटी_पेन्सिल: मोठा फायदा वेळेचा. भरलेल्या वर्गात हजेरी, वह्या आणि पोरांना गप्प बसवणं यातच निम्मा तास जातो. एकट्या मुलाला या वयात दीड-दोन तासांची बैठक रग्गड झाली, तीही 20-20 मिनिटांच्या तुकड्यांत.

दुसरं म्हणजे अडलं तिथं थांबता येतं. 52 मधून 27 वजा करताना बरीच मुलं 7 मधून 2 काढतात आणि 35 लिहितात. वर्गात त्यावर लाल फुली पडते आणि धडा पुढं सरकतो. घरी खराट्याच्या काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधा. पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवून 27 मागा. सात सुट्या द्यायला एक जुडी सोडावीच लागते, आणि ती मुलीनंच सोडायची, तुम्ही नाही. चार-सहा दिवस नुसत्या काड्या, मग पाटी.

बिघडतं कुठं? आईबाप घरातच शाळा मांडतात. घंटा, वेळापत्रक, गाइड, चाचणी! मग दोघंही वैतागतात.

मार्केटयार्ड: कन्नडला घाबरू नका, पण ते पुढं ढकलूही नका. आधी मराठी वाचन पक्कं होऊ द्या, मग लिपी. वर्णमालेचा क्रम आपलाच आहे, त्यामुळं अक्षरं लवकर बसतात. अडतं तीन ठिकाणी. ए आणि ओ ऱ्हस्व-दीर्घ असे दोन-दोन आहेत. जोडाक्षरात दुसरं व्यंजन खाली लोंबतं, त्याला वत्तक्षर म्हणतात. आणि रफार अक्षराच्या डोक्यावर नसतो, नंतर येतो: 'कर्म' लिहिताना क, मग म, आणि रफाराची खूण शेवटी. मराठी मुलं ही खूण हमखास विसरतात.

सरावाला बसचे बोर्ड आणि दुकानांच्या पाट्या फुकट आहेत. बोलणं मात्र पुस्तकातून येत नाही. रोज तासभर कन्नड बोलणाऱ्या पोरांत खेळायला सोडा.

नियम_वाचणारा: वरचं सगळं मान्य, आता कागदाचं बघा. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू 1 एप्रिल 2010 पासून. कलम 10 प्रमाणं 6 ते 14 वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे, पण न घातल्यास पालकाला दंड त्या कायद्यात नाही. कलम 4 उपयोगाचं: कधीच शाळेत न गेलेल्या मुलाला वयाप्रमाणं वर्गात प्रवेश मिळतो.

खरी मेख सीईटीत आहे. कर्नाटकच्या सरकारी कोट्याच्या मुख्य अटीत पहिली ते पीयूसी दुसरी (म्हणजे बारावी) यांपैकी किमान 7 वर्षं राज्यातल्या मान्यताप्राप्त शाळा-कॉलेजात झालेली लागतात. सहावी ते पीयूसी दुसरी मोजलं तर बरोबर 7 भरतात. म्हणजे पाचवीपर्यंत घरी, सहावीला शाळा, हा हिशेब जमतो, फक्त मध्ये एकही वर्ष गळता कामा नये. पालकांच्या शिक्षणावर आधारलेली वेगळी कलमं आहेत, त्या वर्षीच्या माहितीपत्रकात वाचा. ग्रामीण आणि कन्नड माध्यम आरक्षणाला मात्र पहिली ते दहावी अशी दहा वर्षं लागतात, ते हातचं जाणार. खानापूर तालुक्यातल्या खेड्यात राहत असाल तर हा तोटा लहान नाही.

खानापूरची_आई: आणि सहावीलाही घातलं नाही तर?

नियम_वाचणारा: मग एनआयओएस, म्हणजे घरून अभ्यास करून परीक्षा देता येते ते केंद्राचं मुक्त शाळा बोर्ड. दहावीला वय 14 पूर्ण, किमान पाच विषय, उत्तीर्णतेला 33 टक्के. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. पाच वर्षांत नऊ संधी, पास झालेला विषय परत द्यावा लागत नाही. मराठी (204) आणि कन्नड (208) दोन्ही भाषा घेता येतात. सायन्सला जायचं असेल तर गणित (211) आणि विज्ञान (212) सोडू नका. सोपे विषय घेऊन दहावी उरकतात आणि अकरावीच्या दारात अडकतात. पुस्तकाबरोबरचे गृहपाठ, म्हणजे टीएमए, वेळेत भरा, त्याला 20 टक्के वजन आहे.

पाटी_पेन्सिल: एक राहिलं. महिन्याला एक वही-फाइल ठेवा, तारखेसह: काय वाचलं, कुठली गणितं, मुलीच्या हातचं लिखाण. सहावीच्या प्रवेशाला हेडमास्तरांसमोर तोंडी सांगण्यापेक्षा ती फाइल पुढं केलेली बरी.